पोस्टमनची चाल

लोवेल टॉलेफ्सनने उभा जन्म डुलूथ या सरोवराकाठच्या शहराच्या चढउतारांवर टपाल वाटण्यात घालवला होता. बर्फ पडो की वारा सुटो, त्याचं पाऊल कधी रेंगाळलं नाही. बायकोबरोबर फिरायला निघाला तरी तो चार हात पुढेच असायचा. आर्डिसने लग्नानंतर थोडे दिवस कुरकुर केली, मग नाद सोडला.

शरद सरता सरता त्याला न्यूमोनिया झाला. अंथरुणातून उठला तेव्हा पायांतला जोर ओसरला होता. आर्डिस त्याचा दंड धरून त्याला बाहेर नेऊ लागली. एके दुपारी बँकेसमोरचा रस्ता ओलांडताना पादचाऱ्यांचा दिवा मध्येच लाल झाला. एका ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला आणि लोवेल भर रस्त्यात थिजला. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "आता साधा रस्तासुद्धा ओलांडता येत नाही मला."

कॅरीन नावाच्या फिजिओथेरपिस्टने त्याला दवाखान्याच्या लांब कॉरिडॉरमधून चालायला लावलं.

"चालीवरून तब्येत कळते," ती म्हणाली. "पण चाल सुधारता येते. हात न टेकता खुर्चीतून उठ-बस करा. चालताना पायांकडे बघू नका, समोर बघा. हात मोकळे हलू द्या. थोडं अंतर झपाझप, मग सावकाश, परत झपाझप. धाप लागली तरी चालेल, पण दोन शब्द बोलता आले पाहिजेत."

बाहेर रस्त्यांवर बर्फाची काच झालेली. म्हणून दोघं सकाळी मॉलमध्ये जायला लागली. दुकानं उघडण्याआधी तिथे गावातली म्हातारी मंडळी फेऱ्या मारत. आर्डिस त्याचा दंड धरून चाले आणि बोले. बहिणीच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलली, चर्चच्या गायकवृंदातल्या भांडणाबद्दल बोलली. स्वयंपाकघराचा पिवळा रंग आपल्याला पहिल्यापासून आवडत नाही, हेही सांगून टाकलं.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?" लोवेलने विचारलं.

"बोलले होते. तू पुढे होतास."

कित्येक आठवडे गेले तरी वेग काही वाढेना. कॅरीनने दोघांना पुन्हा कॉरिडॉरमधून चालायला सांगितलं आणि मध्येच म्हणाली, "आर्डिस, तुम्ही त्यांचा दंड सोडा बघू."

लोवेल एकटा टोकापर्यंत गेला. थोडा डुलत गेला, पण चांगला भरभर गेला.

"तुम्हाला वाटतंय तुम्ही आधार देताय," कॅरीन हलक्या आवाजात म्हणाली. "पण तुम्ही त्यांना मागे ओढताय."

हे आर्डिसला ठाऊक होतं, फक्त कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला ट्वायला बेनिंगच्या हवाली केलं. ट्वायला मॉलमधल्या सगळ्यांत वयस्क, सगळ्यांत चपळ आणि जिभेने तिखट. "पोस्टमन ना तुम्ही?" ती लोवेलला म्हणाली. "या चालीने नाताळची भेटकार्डं ईस्टरला पोचतील हो!" लोवेल चिडला आणि चिडून चालू लागला. आर्डिस बाकावर बसून कॉफी पीत राहिली. बर्फ वितळायला लागलं तोवर तो ट्वायलाच्या बरोबरीने चालत होता.

मग एक दिवस दोघं पुन्हा बँकेत निघाली. दिवा लागताच लोवेल हात हलवत रस्त्यात उतरला आणि दिवा बदलायच्या आत पलीकडच्या फुटपाथवर पोचलासुद्धा. आर्डिस रस्त्याच्या कडेलाच उभी राहिली होती. मागे वळून न बघता तो बँकेत शिरला.

तिने हाक मारली नाही. ती कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात जाऊन खिडकीशी बसली आणि आंबटगोड रूबार्बची पाय-पेस्ट्री मागवली. काही वेळाने लोवेल धापा टाकत आत आला.

"कुठे होतीस तू? मी काउंटरवर तुझ्याशी बोलतोय, आणि शेजारी भलतीच बाई!"

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, पिवळा रंग वाईट नसतो."

आर्डिसला हसू आलं, पण तिने ते दिसू दिलं नाही. "बस," ती म्हणाली. "आणि ट्वायलाला सांग, उद्यापासून मीही येणार. तुझ्याबरोबर नाही, तिच्याबरोबर."

लोवेलने खुर्ची ओढली आणि हात न टेकता बसला.

"ती फार पळवते," तो म्हणाला.

"पळवू दे."

उन्हाळ्यात तिघंही सरोवराकाठच्या वाटेवर चालू लागली. दोघी गप्पा मारत पुढे निघून जात. लोवेल मागून येई, आणि अधूनमधून ओरडून विचारी, "काय म्हणालीस?"