शेपटाकडचं वजन

माझ्या विमानाला कोणीतरी हात लावत होतं.

विमान म्हणजे खेळण्यातलंच, पण लहान नाही. पंख जोडले की आमच्या बाजेच्या लांबीएवढं होतं. सगळं फोमचं, जुन्या महायुद्धातल्या लढाऊ विमानासारखं. पुढं चार पात्यांचा पंखा, पोटाखाली दोन चाकं, शेपटाखाली एक बारीक चाक. बॅटरीवर चालतं, रिमोटवर उडतं. मी हिंगोलीला एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो. निवृत्त झालो तेव्हा हैदराबादहून मागवलं. तांड्यावरचे लोक हसले. माझी बायको शिला हसली नाही. खोक्यातून एकेक तुकडा काढताना तिनं एवढंच विचारलं, "याला धरायला कोण लागंल?"

धरायला लागतंच. मोटरचा जोर पाहताना कोणीतरी मागून शेपूट धरावं लागतं, नाहीतर विमान तोंडावर पडतं आणि पंख्याची पाती मोडतात. ते शिला धरायची. फोम फुटला तर तीच चिकटवायची, रंगही तीच लावायची. डाव्या पंखावरचा हिरवा रंग बाकीच्यापेक्षा गडद आहे, तो तिनं कालवलेला.

शिला मागच्या माघात गेली. तिच्या साड्या तिच्या बहिणी घेऊन गेल्या, आमच्यात तसंच असतं. भांडी कोणाच्याही हातची असतात. तिच्या हातचं म्हणावं असं माझ्याजवळ हे विमान राहिलं. ते फुटलं असतं तर मी दुसरं आणणार नव्हतो. दुसरं आणून काय करायचं होतं?

म्हणून मी त्याला जपत होतो. आणि म्हणूनच मला कळलं की काहीतरी चाललं आहे.

विमानाचा तोल बैलगाडीसारखा असतो. गाडीत माल भरताना पुढं जास्त झाला तर गाडी धुराजड होते, बैलांच्या मानेवर येते. मागं जास्त झाला तर उलाळ होते, जू वर उचलतं. विमान किंचित धुराजड चालतं. उलाळ मात्र अजिबात चालत नाही. उलाळ विमान वर तोंड करतं, हवेत थबकतं आणि दगडासारखं खाली येतं. माझ्या विमानाच्या पंखाखाली दोन ठिपके आहेत. त्यावर दोन बोटं ठेवून उचललं की नाक जरासं खाली झुकलं पाहिजे. बॅटरी पुढं-मागं सरकवून ते जमवायचं. मी जमवलं होतं आणि बॅटरी जिथं बसते तिथं पेनानं रेघ मारून ठेवली होती.

दसऱ्याच्या सुमारास उचललं तर नाक झुकलं नाही. बॅटरी रेघेवरच होती. मला वाटलं माझंच काही चुकलं असेल. बॅटरी बोटभर पुढं घेतली, नवीन रेघ मारली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. बॅटरी रेघेवर आणि शेपूट जड.

फोम आपोआप जड होत नाही. पाणी प्यायला तो बैल नाही. विमान ठेवायच्या खोलीला मी कुलूप लावलं. बॅटरीच्या झाकणावर चिकटपट्टी लावली, म्हणजे कोणी उघडलं तर कळावं. पट्टी जशीच्या तशी राहिली आणि शेपूट आणखी जड झालं.

आता विमानाला हात लावणारी माणसं दोनच होती. मी आणि वैजनाथ.

वैजनाथचं कनेरगाव नाक्यावर मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटरी जळाल्या की त्याच्याकडं येतात. शिला गेल्यापासून दर रविवारी सकाळी तो मोटरसायकलवर तांड्यावर यायचा आणि आम्ही गायरानावर जायचो. शेपूट तो धरायचा. मागे एकदा गावोगाव ड्रोन फिरतात, चोर वरून घरं पाहून जातात अशी हूल उठली होती. तेव्हा चार माणसं काठ्या घेऊन माझ्या दारात आली होती. त्यांना वैजनाथच म्हणाला होता, "याच्या विमानाला डोळे न्हाईत बावा. असते तर याच्याच हातून तुरीत काहून पडलं असतं?" लोक हसून परत गेले.

पण आता मी जुन्या गोष्टी वेगळ्या तऱ्हेनं आठवू लागलो. तो दोनदा म्हणाला होता, "एक बार मला उडवू दे." मी दिलं नव्हतं. तो म्हणाला होता, "तू लई जपतो. पडल्याबगर शिकत न्हाई माणूस." कुलूपही त्यानंच आणून दिलं होतं. कुलपाला दोन किल्ल्या येतात. एक माझ्या कमरेच्या करगोट्याला होती. दुसरी कुठं होती ते मला आठवेना. मी घर धुंडाळलं, सापडली नाही.

घरात आणखी एक माणूस आहे, माझी सासू रुक्माबाई. तिला मुलगा नाही, म्हणून शिलानं तिला आमच्याकडंच आणलं होतं. सासू जावयाशी बोलत नाही, आमच्यात ती रीत आहे. मी समोर आलो की ती पदर तोंडावर ओढते आणि भिंतीकडं वळते. काही सांगायचं असलं तर शिलाला सांगायची, शिला मला सांगायची. शिला गेल्यावर ती शेळीला सांगू लागली. "काय ग, आज मीठ सरलं म्हणायचं." "काय ग, लाइटचं बिल आलंय, खिडकीत ठेवलंय म्हणायचं." मग मी मीठ आणायचो, बिल भरायचो. शेळीला काही सांगायची गरज मला कधी पडली नाही.

कार्तिकातल्या एका रविवारी गायरानावर गेलो. सोयाबीन निघाली होती. एका अंगाला हळदीचं रान हिरवंगार होतं. तोल मी निघताना पाहिला होता. बॅटरी आता अगदी मोटरच्या पाठीला टेकली होती, त्याच्या पुढं जागाच नव्हती. नाक जेमतेम सरळ होतं. त्या दिवशी उडवायलाच नको होतं. पण मला वैजनाथचे हात पाहायचे होते.

गळ्यातली हत्यारांची थैली मागं सारून तो नेहमीसारखा गुडघ्यावर बसला, शेपूट धरलं. मी थ्रॉटल वाढवला. त्याची बोटं शेपटाच्या खाली होती, मला दिसत नव्हती.

"सोड," मी म्हणालो.

विमान धावलं, उचललं, आणि वर तोंड करून चढतच राहिलं. मी रिमोटची काडी पुढं रेटली, शेवटापर्यंत रेटली. नाक खाली येईना. हवेत ते उभं राहिलं. माझ्या हातात रिमोट होता, पण मी काही चालवत नव्हतो. मग ते एका पंखावर कलंडलं. तेवढ्यात वेग मिळाला. मी ओढून-रेटून त्याला हळदीच्या वरून आणलं आणि गवतात घातलं. डाव्या पंखाचं टोक घासलं. शेपटाचं चाक वाकलं.

वैजनाथ धावत आला. "बॅटरी मागं सरकली असंल."

मी झाकण काढलं. "रेघेवर हाय."

"मंग वारं असंल."

"वारं कुठं हाय? तो धूर पाय."

लांब कोणीतरी काडीकचरा पेटवला होता. धूर सरळ वर चालला होता.

"मंग मला काय माहीत बाबा. इमान तुहं, मेकॅनिक तू."

"शेपूट कोणाच्या हातात असतंय?"

तो माझ्याकडं पाहत राहिला. "काय म्हणून राहिला तू?"

"थैली दाखव."

"काय?"

"थैली उलटी कर, वैजनाथ."

त्यानं गळ्यातली थैली काढली आणि गवतावर उलटी केली. पकड, टेस्टर, तांब्याच्या तारेचे तुकडे, तंबाखूची पुडी. आणि शिशाचा एक तुकडा, अंगठ्याएवढा. मी तो उचलला. हातात चांगला जड लागला.

"हे काय?"

"तारेच्या सांध्याला डाग द्यायचं शिसं हाय. वाइंडिंगवाल्याच्या थैलीत काय पेढे असतेत?"

"हे माझ्या शेपटात किती घातलं?"

तो गवतात बसला. सामान एकेक करून थैलीत भरलं. शिसं मात्र माझ्या हातातलं त्यानं परत मागितलं नाही.

"मी काहून घालीन?"

"पडावं म्हणून. तूच म्हणला होता, पडल्याबगर शिकत न्हाई माणूस."

"शिलावहिनीचा हात लागलेलं इमान मी पाडीन?" तो म्हणाला. "तुला खरंच वाटतंय?"

मला वाटत होतं. तो मोटरसायकलवर बसला आणि गेला.

घरी आलो. अंगणात बाजेवर विमान उलटं ठेवलं आणि वाकलेलं चाक काढायला बसलो. त्या चाकाच्या दांडीभोवती फट आहे, बोट जाईल एवढी. स्क्रू काढून दांडी ओढली, तर तिच्यासोबत काहीतरी बाहेर आलं आणि बाजेच्या सुतळीत अडकलं.

कापडाची बारीक पुरचुंडी होती. लाल कापड, चारही बाजूंनी शिवलेलं. टाके इतके जवळजवळ की मुंगी शिरणार नाही. मी बोट घातलं. आत आणखी होत्या. एकूण तीन निघाल्या. वैजनाथला शर्टाचं बटन लावता येत नाही.

एक उसवली. आत चांदीच्या घुगऱ्या होत्या. आमच्या जुन्या बाया केसांत घालतात त्या, नवरा जिता असेपर्यंत.

मी मान वर केली. सासू ओट्यावर डाळ निवडत होती. तिच्या कमरेला शिलाच्या किल्ल्यांचा जुडगा होता, त्यात नव्या कुलपाची दुसरी किल्लीही. तो तिथं रोजच असायचा. मी घरभर किल्ली शोधली तेव्हाही तिथंच होता.

मी उठून तिच्याजवळ गेलो. तिनं पदर ओढला आणि भिंतीकडं वळली. तिला काय म्हणून हाक मारायची ते मला ठरवता येईना. शेवटी शिला आईला म्हणायची तेच म्हणालो.

"याडी."

तिचे हात थांबले.

"हे तू घातलं?"

शेळी दावणीला होती, तिच्याकडंही तिनं पाहिलं नाही. मग भिंतीलाच म्हणाली, "धुराजड झालं होतं."

"काय?"

"इथं अंगणात तू मोटर चालवत होता. दोन बार तोंडावर पडलं. पाती मोडली. मी पाहिलं ना. पोरगी होती तवर मागं तिचा हात होता. आता कोणाचा हाय? गाडी धुराजड झाली तर माल मागं सारावा लागतो. माझा बाप सारायचा."

मी ओट्याच्या कडेला बसलो. तिनं चूक पाहिलं नव्हतं. अंगणात मी एकटा असताना ते खरंच तोंडावर पडलं होतं. पण ते मोटरच्या ओढीनं पडलं होतं, वजनानं नाही.

"मला सांगायचं होतं," मी म्हणालो.

"कोणाच्या हाती सांगू? सांगणारी गेली."

"ह्या घुगऱ्या शिलाच्या?"

"माझ्या. तिच्यासाठी ठेवल्या होत्या. तिनं कधी घातल्या? जड होत्यात म्हणायची."

डाळीचं सूप तिनं बाजूला ठेवलं. "आता बराबर उडतंय का?"

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण ती पुन्हा घातल्याशिवाय राहिली नसती.

"न्हाई. उलाळ झालं. आज पडत होतं."

पदराआडून तिचा चेहरा दिसत नव्हता. हात मांडीवर तसेच राहिले.

"पडलं असतं?"

"व्हय."

"फुटलं असतं?"

"व्हय, याडी."

ती उठली, आत गेली. मला वाटलं रडायला गेली. दारातून परत वळली आणि म्हणाली, "मंग इचारायचं न्हाई का माणसानं. कुलूप लावत बसला."

मी तसाच माझी मोटरसायकल काढून कनेरगाव नाक्याला गेलो. वैजनाथ दुकानात एका मोटरला तार गुंडाळत होता. त्यानं मला पाहिलं आणि गुंडाळतच राहिला. मी शिशाचा तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला, शेजारी एक पुरचुंडी ठेवली.

"सापडलं," मी म्हणालो.

"कोण?"

"सासू. तिला वाटलं तोंडावर पडतंय, म्हणून मागं वजन घातलं."

त्यानं पुरचुंडी उचलली, टाके पाहिले, खाली ठेवली. "म्हातारी घरातच असती ना?"

"घरातच."

"सकाळ-संध्याकाळ?"

"व्हय."

"अन् वहिम माझा आला. तिचा काहून न्हाई आला?"

"तिच्याकडं मी पाहिलंच न्हाई," मी म्हणालो. "शिला गेली तवापासून घरात मी एकटाच हाय असं धरून चाललो होतो."

"एकटाच," तो म्हणाला. "अन् दर रविवारी मी काय भूत येत होतो?"

तारेचा वेढा पुरा झाला. त्यानं टोक कापलं.

"या रविवारी मी येणार न्हाई."

"बराबर हाय."

"पुढल्याही न्हाई. काम हाय म्हणून न्हाई, राग हाय म्हणून. लोकाला सांगताना बराबर सांगजो."

"सांगतो."

तेवढ्यात एक शेतकरी खांद्यावर जळालेली मोटर घेऊन आला. मोटर खाली ठेवून त्यानं माझ्याकडं पाहिलं. हे पाहुणे कोण, असं त्याच्या तोंडावर होतं.

"हे राठोडसाहेब," वैजनाथ मान वर न करता म्हणाला. "एस.टी.चे मेकॅनिक. जाताना यांना थैली दाखवून जाय."

शेतकरी हसला, त्याला काही कळलं नाही तरी. वैजनाथ हसला नाही. त्यानं जळालेली मोटर पुढं ओढली आणि झाकणाचे बोल्ट खोलायला लागला. मी बाकड्यावर बसलो. त्यानं मला बस म्हटलं नव्हतं. जाय पण म्हटलं नाही.