कलादालनाबाहेर बांधलेला बैल

मित्रांनो, बैल बोलायला लागला म्हणून दचकू नका. परवा माझ्याच गोठ्यात माइकपुढं एवढी माणसं बोलली, तेव्हा कुणी दचकलं नाही. त्यांच्यापेक्षा माझ्याकडं सांगण्यासारखं जास्त आहे. मी जुना बैल. देवणी, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. नाव पाखऱ्या. तेरच्या वाटेवरच्या एका गावात, रामहरीच्या दावणीला जन्मलो आणि तिथंच म्हातारा झालो.

नाकात वेसण घातली तेव्हा हंबरलो. खांद्यावर जू आलं तेव्हा गप्प बसायला शिकलो. नांगरट केली, ज्वारी पेरली, सोयाबीनची पोती ओढली. पोळ्याला माझ्या शिंगांना बेगड लागायची, पुरणपोळी मिळायची, रामहरी माझ्या पाया पडायचा. दुसऱ्या दिवशी त्याच हातात आसूड. देव मानणं माणसांना वर्षातून एकच दिवस परवडतं. पुढं शेतात भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला आणि मी घरात नुसता खाणारा ठरलो.

माझ्याकडं नीट बघणारं एकच माणूस होतं, रामहरीची सून प्रतीक्षा. दुपारी घरातलं आवरलं की ती गोठ्यात पाट टाकून बसायची आणि पुठ्ठ्यावर माझं चित्र काढायची. माशीसाठी मी शेपूट हलवली की म्हणायची, "पाखऱ्या, बाबा, जरा दम धर की!" खूर, कान, डोळ्यातलं चिपड, तिनं काही सोडलं नाही.

गावातल्या बायापोरांचीही बरीच चित्रं जमली आणि प्रदर्शन भरवायचं ठरलं. समाजमंदिरात ग्रामपंचायतीचे पाइप पडलेले. शाळेची खोली गळणारी. मग प्रतीक्षानं माझा गोठा मागितला. फ्लेक्सवर आपला फोटो येणार म्हटल्यावर रामहरी विरघळला. मला बाहेर लिंबाच्या झाडाला बांधलं, गोठा सारवला, चुना मारला, गव्हाणीवर चित्रं मांडली आणि दारावर पाटी लावली, "कलादालन".

पण रामहरीच्या डोक्यात दुसरंच होतं. मला विकायला त्यानं उमरग्याकडच्या गुंडाप्पा नावाच्या बैलांच्या व्यापाऱ्याला त्याच दिवशी बोलावलं होतं. एका चहात दोन कामं. आता माझ्या पाठीवर, वशिंडाच्या मागं, केसांचा एक भोवरा आहे. असला भोवरा मालकाचं वाटोळं करतो, असं बाजारातली माणसं मानतात. माझ्यामुळं रामहरीचं काही वाटोळं झालं नाही, ते त्याला स्वतःचं स्वतः जमतं. तरी आदल्या दिवशी त्यानं तिथले केस वस्तऱ्यानं भादरले आणि वर तेलातली काजळी फासली. बघणाऱ्याला वाटावं, आणखी एक ठिपका. मला जायचं नव्हतं, मित्रांनो. म्हातारपणी नवी दावण, नवा आसूड कुणाला पाहिजे? पण बैलाला विचारतंय कोण!

उद्घाटन झालं. फीत कापली. पाहुण्यांनी पाहुण्यांना शाली घातल्या. "ग्रामीण कलेला व्यासपीठ" हे शब्द जो उठला त्यानं वापरले. एवढं बोलले की चित्रं बघायला वेळच उरला नाही. दाराशी फोटो काढून सगळे जेवायला गेले. चित्रांकडं पाठ करूनही कलेवर तासभर बोलता येतं, बरं का.

इकडं झाडाखाली सौदा चालला होता. उपरण्याखाली बोटात बोटं, भाव तोंडानं नाही, बोटांनी ठरायचा. गुंडाप्पानं माझे दात बघितले, खूर बघितले. सौदा जमत आला. तेवढ्यात चहा आला, आणि "ऊन लई हाय" म्हणत बशी घेऊन तो सावलीला गोठ्यात शिरला.

त्या दिवशी चित्रासमोर उभा राहिलेला तो पहिला माणूस. मला बघितलं तसंच त्यानं माझं चित्र बघितलं, खुरापासून वर. वशिंडापाशी डोळा थांबला. चहा न पिताच तो बाहेर आला.

"रामहरीअण्णा, चित्रात भोवरा हाय, बैलावर ठिपका हाय. ह्ये कसं वो?"

"पोरीच्या हाताला वळण न्हाय. चुकलं असंल तिचं."

गुंडाप्पानं अंगठ्याला थुंकी लावली आणि माझ्या पाठीवर घासला. अंगठा काळा झाला. तो त्यानं रामहरीच्या नाकासमोर धरला. "कुणाचं चुकलं म्हणायचं, अण्णा?"

रामहरी तावातावानं आत गेला. कोपऱ्यातला चुन्याचा ब्रश बादलीत बुडवून सुनेपुढं धरला.

"पूस ते! आत्ताच्या आत्ता!"

"न्हाय मामा. हाय तेच काढलंय."

"सासऱ्याला उलटून बोलतीस?"

"बोलत न्हाय. पुसत बी न्हाय."

त्याच माणसाच्या घरात तिला उद्याही राहायचं होतं. पण ती चित्रापुढून हलली नाही.

तेवढ्यात रामहरीची बायको धुरपताबाई किटली घेऊन आत आली. "काय पुसायला निघालाव वो? तुमच्याच डोक्यात दोन भोवरे हायत! माझ्या बापानं टोपी काढून बघितली न्हाय, म्हणून म्या हितं नांदले. तुमाला कुणी माघारी धाडलं का?"

आरडाओरडा ऐकून दाराशी जमलेली बायापोरं खदखदून हसली. गुंडाप्पाच्या डोळ्यांतून तर पाणी आलं. "ताई," तो प्रतीक्षाला म्हणाला, "बैल काय म्या घेत न्हाय. पर पुढच्या बाजाराला तुमी उमरग्याला या. घ्यायच्या आदी एकेक जनावराचं चित्र काढून द्या मला."

ही गोष्ट पसरली आणि गाव लोटलं. कलेसाठी नव्हे, कुणाचं काय उघडं पडलंय ते बघायला. सरपंचांच्या विहिरीच्या चित्रात विजेच्या तारेवर चोरून टाकलेला आकडा स्पष्ट दिसत होता. "आकड्यावर एखादं पाखरू बसवता येईल का," असा निरोप त्यांनी धाडला. पाखरू काही बसलं नाही.

संध्याकाळी गर्दी पांगली. रामहरी आतच होता, ब्रश हातातच, चुना ठिबकतोय. मला वाटलं, आता ओढतो फराटा. पण फराटा ओढायला जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की दिसतं.

"ह्येच्या गळ्यात दावं का न्हाय काढलं?"

"बांधायचं काम तुमचं, मामा. म्या मोकळा काढला."

"आन् गळ्याला ही लाल रेघ कसली?"

"दाव्यानं कातडं सोललंय. म्या हळद भरती, पर दावं परत तिथंच घासतं. तुमाला दोनदा बोलले की."

रामहरी बाहेर आला. माझ्या गळ्यातलं दावं त्यानं बोटानं उचललं. खालचं सोललेलं कातडं बघितलं. मग दावं सोडलं, घरातून हळद-तेल आणलं आणि स्वतःच्या हातानं लावलं. माणसं बैलाची माफी मागत नाहीत, त्यानंही मागितली नाही. शेजारी ऐकतायत हे बघून मोठ्यानं एवढंच म्हणाला, "आता घेतंय कोण ह्येला! ऱ्हाऊ दे हितंच."

तर मित्रांनो, प्रदर्शनाला जाल तेव्हा चित्राच्या जवळ जा. आणि तुमच्या दारात जे जनावर बांधलेलं आहे, बैल असो, म्हैस असो, कुत्रं असो, त्याच्या गळ्यातलं दावं आजच एकदा उचलून बघा. प्रत्येक घरात चित्र काढणारी सून नसते.