नव्या चिपचं पायथन

युवराजला मीच बुडवलं, आणि मला त्याचं काही वाटत नाही, असं मी तीन दिवस स्वतःला बजावते आहे.

पाटणकर बाजारात साड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस. पॅथॉलॉजी लॅबमधलं मशीन रक्त तपासून आकडे देतं, आमचा प्रोग्रॅम त्यांचा रिपोर्ट बनवतो. सहा महिन्यांपूर्वी मालकांनी, सदाशिवरावांनी, आम्हा दोघांना एकाच दिवशी घेतलं आणि तेव्हाच सांगून टाकलं, पक्कं एकालाच करणार. मी एकतीस वर्षांची, माझी ही तिसरी नोकरी. तो चोवीसचा, हुशार, आणि वर स्वभावाने गोड. असल्या माणसाचा राग करायलाही कष्ट पडतात. मी ते घेतले.

बाडा चौकाजवळच्या एका लॅबने नव्या चिपचे लॅपटॉप घेतले. आमचा प्रोग्रॅम ज्याच्या जोरावर चालतो ते पायथन त्यांच्यावर दोन तऱ्हांचं चालतं. एक नेटिव्ह, म्हणजे त्याच चिपसाठी बनवलेलं, झपाट्याने पळणारं. दुसरं जुन्या चिपचं. त्याच्यासाठी विंडोजला जुन्या चिपचं सोंग, म्हणजे इम्युलेशन, घ्यावं लागतं, म्हणून ते रेंगाळतं. कुठलं टाकायचं हे सदाशिवरावांनी युवराजवर सोपवलं.

ऑफिसात मशीन नाही. आम्ही सगळं साठवलेल्या आकड्यांवरच तपासतो. त्यानेही तसंच केलं आणि उड्या मारत माझ्याकडे आला.

"ताई, नेटिव्हवालं तिप्पट फास्ट आहे! तेच टाकू ना? इम्युलेशन का झंझट ही क्यों?"

मशीनकडून आकडे घेणारी फाइल मशीनच्या कंपनीने जुन्या चिपपुरतीच दिली होती. ऑफिसातल्या तपासणीत ती लागत नाही, पण नेटिव्ह पायथनला ती उघडताच येत नाही. हे मला ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं.

"टाक की," मी म्हटलं. "उगीच धीमं काम कशाला?"

शुक्रवारी लॅबमध्ये मशीन जोडलं आणि स्क्रीनवर एररची लाल ओळ आली. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तीच. बाहेर पेशंट ताटकळले होते. सदाशिवराव लॅबच्या डॉक्टरीणबाईंसमोरच कडाडले, "हे कोणी ठरवलं?"

युवराजने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच, सर."

"सर, मी बघू का?" मी अगदी नरमाईने विचारलं. जुन्या चिपचं पायथन टाकलं. वीस मिनिटांत रिपोर्ट छापून आला. "याला म्हणतात अनुभव," सदाशिवराव म्हणाले. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खूप झाला.

संध्याकाळी युवराज बॅग घेऊन जिन्यापाशी थांबला होता. त्याला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

"ताई, मैंने आपका नाम नहीं लिया," तो म्हणाला. "तुम्हीपण नेटिव्हच म्हणाला होतात ना. गलती तो किसी से भी हो जाती है. तुम्हाला तिथे लगेच सुचलं, मला नाही सुचलं, बस. मनाला लावून घेऊ नका."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या ठिकाणी नीट तपासून घेत जा."

"हो, ताई," म्हणून तो वाकला आणि माझ्या पाया पडला. मी मागे सरकले नाही.