तिसऱ्या दिवशी वर जाणारा डबा

आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. मोतीबिंदूनं डोळे धूसर झाले आणि चिमटा स्क्रूऐवजी बोटालाच लागू लागला. ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली, दोनदा पुढे गेली. कारण एकच, रक्तदाब. गोळी वाढवली तरी तो उतरायचं नाव घेईना. इकडे दुकानात बंद घड्याळांची रांग लागली.

"तुम्ही चोरून खारट खाता," मी म्हटलं.

"मी?"

"मग काय शेजारचे?"

दुकानातून आले की मी त्यांचे खिसे तपासायची. सापडायचे स्क्रू, स्प्रिंगा, आणि एकदा माझीच हरवलेली सेफ्टीपिन. खारे शेंगदाणे कधीच नाहीत. तरी माझा संशय फिटेना.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, आणखी काही घेता का? चूर्ण, काढा?"

"छे! हिच्या हातच्या चहाशिवाय काही नाही. तुम्ही साखर बंद केलीत, तरी काय गोड करते हो!"

मी खुलले. "ज्येष्ठमधाची पूड घालते. दोन्ही वेळा, चमचा भरून. चार महिने झाले."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, घशाला तो चांगला. पण रोज एवढा घेतला तर रक्तदाब चढतो. आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही औषधं विचारायचात. तो तर चहाच्या डब्याशेजारी असतो."

"अस्सं!" हे म्हणाले. "आणि झडती माझी!"

घरी येताना मला सासूबाई आठवल्या. कुणाचा घसा बसला की त्या ज्येष्ठमधाची कांडी चघळायला द्यायच्या. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी डबा वरच्या फळीवर. साठ वर्षं मला कांडीची गोडी लक्षात राहिली, फळी तेवढी विसरले.

त्याच दिवशी स्टुलावर चढून डबा वर ठेवला. पुढचे तीन आठवडे मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की हे दार अडवून उभे. "हात दाखवा, बाईसाहेब." रक्तदाब उतरला, ऑपरेशन झालं.

डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी मी चहा पुढे ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सावकाश मान वर केली.

"चहा अगदीच फिका. पण फळीवरचा डबा इथून स्वच्छ दिसतोय हं. झाकणावरच्या धुळीसकट."