डॉक्टरांना कळवा

परीक्षा केंद्रावर झडती घेणाऱ्या वॉल्टने डार्लीनचे खिसे उलटे करायला लावले, चष्माही उजेडात धरून पाहिला. "दांडीत उत्तरं लपवलीत काय, बाई?"

"असती तर मागच्या वेळी नापास झाले असते होय?"

बावीस वर्षं ती अमेरिकेतल्या टोलेडोत मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून राबली. आता स्वतः मुलं तपासून औषध लिहून द्यायचा परवाना तिला हवा होता.

संगणकावर प्रश्न आला. दोन वर्षांची मुलगी, चढा ताप, कानाचा पडदा लाल आणि फुगलेला. काय कराल? सवयीने तिने 'डॉक्टरांना कळवा' निवडलं, आणि थबकली. कोणत्या डॉक्टरांना? पोरीला काय झालंय हे तिला दिसत होतं. वॉर्डातही आधी तिलाच दिसायचं, आणि काल आलेली डॉक्टर पोरं तेच आपलं म्हणून सांगायची! मागच्या वेळी असेच किती प्रश्न हातचे घालवले? संतापून तिने उत्तर बदललं: 'अँटिबायोटिक लिहून द्या.' पुढच्या प्रश्नातल्या पोराला काय झालंय, याची तिला आता उत्सुकता लागली.

शेवटी पडद्यावर 'उत्तीर्ण' उमटलं.

वॉल्टने जमा करून घेतलेली चष्म्याची डबी परत दिली. "नातू आठवडाभर खोकतोय. डॉक्टरांना दाखवू का?"

डार्लीनने खुर्ची ओढली. "आधी मला सांग, खोकल्याचा आवाज कसा येतो?"