दिवा लागेपर्यंत

बाईंनी चपला काढल्या आणि दिवा न लावताच त्या खुर्चीत बसल्या. समोर पलंगावर आई बसली होती. कुणीच काही बोललं नाही.

हा रोजचाच नेम होता. बाई शिशुवर्गाला शिकवायच्या. पत्र्याच्या छपराखाली दोन वर्ग आणि मध्ये नुसतं एक कपाट. इकडे गाणी, तिकडे रडारड. लाकडी ठोकळे फरशीवर आपटले की बाईंच्या दातांतून कळ जायची. छताला आवाज शोषणारं काहीतरी लावून घ्या, असं त्यांनी शाळेच्या मालकीणबाईंना सुचवून पाहिलं. मुलांचा किलबिलाट ऐकायला भाग्य लागतं, म्हणून त्या गोड हसल्या. स्वतःची खोली मात्र त्यांनी काचेनं बंद करून घेतली होती. दुरून डोंगर साजरे!

घरी येईपर्यंत बाईंच्या कानात बारीक शिट्टी वाजत असायची, आणि माणसाचा शब्द नकोसा व्हायचा. आई तर जन्माची बोलघेवडी. दिवसभर एकटी बसून तिच्या पोटात गोष्टी साठायच्या. एकदा बाई तिच्यावर खेकसल्या. तेव्हापासून आईनंच ठरवून टाकलं, की लेकीनं दिवा लावला की मगच तोंड उघडायचं. तोवर हूं की चूं नाही.

आज दुपारी आईचा फोन येऊन गेला होता. असेल काहीतरी गोष्ट, म्हणून बाईंनी उलटा फोन केला नव्हता. आताही डोळे मिटून बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. पार काळोख झाल्यावर त्यांनी उठून दिवा लावला.

आईचं उजवं मनगट सुजून निळं पडलं होतं. दुपारी ती न्हाणीघरात घसरली होती.

"मी आले तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुझं डोकं शांत होऊ दे म्हटलं. हात काय, मोडला तो मोडलाच."

प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, आणायला एवढा उशीर का केलात. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर लोकांच्या लेकरांचं ऐकून आईसाठी कान उरला नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी रजा मिळाली नाही. संध्याकाळी मात्र घरात शिरताच बाईंनी आधी दिवा लावला. शिट्टी वाजतच होती. आईजवळ बसत त्या म्हणाल्या, "बोल आई. काय काय झालं आज?"

आईनं लेकीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग ती उठली आणि डाव्या हातानं तिनं दिवा बंद केला.