सहाणेवरचा पक्षी

जरा कान दे बघू. परवा फोनवर अगदी सहज म्हणालीस, द्वारकाकाकू मला काही आठवत नाहीत. असं म्हणतात का गं, वेडाबाई? जिचं सोनं तुझ्या पोटात आहे, तिला विसरायचं? आता आत्या सांगते ते ऐक.

काकू मला आधी कानांना आठवतात. नेरूळच्या आपल्या इमारतीत सकाळची कोवळी तिरीप जिन्याच्या जाळीतून उतरायची आणि तळमजल्यावरून सहाणेचा संथ, खरखरीत स्वर यायचा, जणू दूर कुठं एखादं गलबत ओहोटीच्या वाळूला अंग घासतंय. त्यामागून वेखंड-जायफळाचा उग्र दरवळ. वसाहत नवी, रस्त्यावरची झाडं अजून कमरेएवढी, आणि आम्हा बायकांच्या आया-सासवा सातारा-कोकणात मागं राहिलेल्या. म्हणून कुणाच्याही घरी बाळ आलं, की त्याची बाळगुटी काकूंकडे. हळकुंड, हिरडा, मुरडशेंग असं सगळं उगाळून झालं, की शेवटी त्या सोन्याचा एक वेढा द्यायच्या. आणि त्यांचं सोनं म्हणजे एक नाणं होतं.

काकूंचे पणजोबा हर्णैचे खलाशी. जहाजावर गेले ते परतले नाहीत. सोबत्यानं हे नाणं तेवढं घरी पोचवलं. एका अंगाला पंख पसरलेला पक्षी, कडेनं परकी अक्षरं. पणजोबांची तसबीर नाही, समाधी नाही, तेव्हा घरानं त्या पक्ष्यालाच पणजोबा मानलं. बोलता बोलता काकूंचा अंगठा त्या पंखावरून फिरायचा, निजलेल्या लेकराच्या भुवईवरून फिरवावा तसा. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या गुटीनं तो पक्षी झिजत झिजत धुक्यात शिरला होता. एक पंख आणि दोन-तीन अक्षरं, इतकाच काठाशी उरला होता.

शेजारच्या इमारतीतले पेंडसे न्हावा शेवा बंदरात मालाची कागदपत्रं बघायचे, आणि त्यांना जुन्या नाण्यांचं भारी वेड. त्यांनी भिंग लावलं आणि नाणं उलटंपालटं करून पुन्हा पुन्हा पाहिलं. म्हणाले, अमेरिकेत सोनं सापडलं म्हणून माणसांचे लोंढे धावले, तेव्हा त्या मुलखात सरकारी टांकसाळच नव्हती. मग तिथल्या सराफांनी, व्यापाऱ्यांनी आपापल्या नावानं नाणी पाडली. पुढं बहुतेक वितळली. हे त्यांतलं चुकून उरलेलं.

"काकू, आता याला दगड लावू नका. आहे तेवढं तरी राहू द्या."

काकूंनी ऐकलं हो. नाणं कापसात गेलं, आणि पुढच्या बाळांना अंगठीचं सोनं मिळू लागलं.

मग तू आलीस, दिवस भरायच्या आधीच. ओंजळभर जीव, रडणंसुद्धा ओठांपर्यंत पोचेना. दवाखान्यातून घरी आणलं तरी वहिनीच्या डोळ्याला डोळा नव्हता. एका दुपारी मी गुटीसाठी खाली गेले, तर काकू सहाणेपुढं नुसत्याच बसलेल्या. अंगठी बोटातच होती. तळहातावर नाणं, अंगठा पंखावर. मला वाटलं, निरोपच घेताहेत. तेवढ्यात पेंडसे दारात आले आणि नको नको म्हणू लागले.

"तुमचा पक्षी उडू दे हो, पेंडसे," काकू म्हणाल्या. "पोर राहू दे."

त्या दिवशी एक वेढा नव्हता. पुष्कळ होते. ओल्या दगडावर पिवळी, क्षीण रेघ उमटत गेली आणि नाण्यावरून पंख मावळत गेला, संध्याकाळी खाडीवरचा उजेड ओसरतो तसा. तू गुटीनं तगलीस की डॉक्टरांच्या औषधानं, त्या वादात मी पडत नाही. पण काकूंनी आपले पणजोबा तुला चाटवले, एवढं मी या डोळ्यांनी पाहिलं. पेंडसे रागानं निघून गेले, आणि बारशाला सगळ्यांच्या आधी झबलं घेऊन हजर.

काकू गेल्या. ते गुळगुळीत झालेलं सोनं नाणं होतं हेही त्यांच्या भाच्याला कळलं नाही. इतर मोडीबरोबर सोनाराकडं देऊन त्यानं लेकीच्या बांगड्या केल्या. कुणाचा दोष नाही त्यात. काळ सगळंच उगाळतो, बाई. चेहरे, अक्षरं, आवाजसुद्धा. झिजलेलं कुणाच्या अंगी लागलं, तर तेवढंच मागं राहतं. काकूंना बघावंसं वाटलं, की हातात धरावं असं माझ्याजवळ आता काही नाही. तुझाच चेहरा तेवढा आहे. म्हणून म्हणते, दिवाळीची वाट बघू नकोस. लवकर येऊन जा.